कबरस्तानात दिलेला शब्द

जनाज्याची नमाज सुरू होण्याआधी मोठ्या मुलाने रांगांकडे तोंड करून विचारायचे असते : मयताकडे कुणाचे काही देणे राहिले असेल तर सांगा, ते मी फेडीन. देणे राहिले की जाणारा अडकून राहतो, असे आमच्याकडे मानतात. अकोल्यात त्या दुपारी मीही विचारले. धाकटा भाऊ शेजारी उभा होता. अब्बांनी चाळीस वर्षे पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण मागणारा कुणी पुढे आला नाही. तांब्याची तार पुरवणारा म्हातारा व्यापारी तेवढा म्हणाला, "उलटे मलेच त्याइचे दोनशे द्याचे हायेत." त्या अवस्थेतही मला अभिमान वाटला.

दहाव्या दिवशी अब्बांच्या फोनवर वसुलीवाला बोलला. क्रेडिट कार्डाचे एक लाख ऐंशी हजार थकले होते.

अम्मीला कार्ड ठाऊक होते. तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन आणि पुढे अब्बांची स्वतःची औषधे त्यावरच झाली होती. "दर महिन्याला भरायचे ते," ती म्हणाली. खरेच भरत होते. प्रत्येक बिलावर त्यांनी 'किमान रक्कम' या शब्दांभोवती पेनाने गोल केला होता, शेजारी बरोबरची खूण. तेवढे भरले की महिन्याचे देणे फिटले, अशी त्यांची समजूत होती. ज्या माणसाने आयुष्यभर व्याजाला हात लावला नाही, त्याच्याच नावावर ते चढत गेले. शेवटच्या चार बिलांवर खूण नव्हती. मी अमरावतीला कॉलेजात ग्रंथपाल आहे. दर रविवारी अकोल्याला जायचो आणि ती बिले ज्या कपाटात होती त्याला टेकून पुस्तक वाचत बसायचो.

वसुलीवाल्याचे ऑफिस अमरावतीलाच निघाले. मृत्यूचा दाखला पाहून तो नरमला.

"सर, निम्मे एकरकमी आणा. फाईल बंद करून टाकू."

"आणि उरलेले निम्मे?"

"ते सुटले."

"म्हणजे बँकेने माफ केले?"

तो हसला. "बँक कायले माफ करते सर? बुडीत खात्यात टाकते."

निम्म्याची सोय होती. नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीच्या शोककाळासाठी उतरवलेल्या सोन्याच्या बांगड्या अम्मीने माझ्यापुढे ठेवल्या होत्या. पण बुडीत खात्यातले ते निम्मे कुणाच्या नावापुढे राहणार, हे मला दिसत होते. मी म्हणालो, "पूर्ण भरतो, हप्त्यांनी. व्याज मात्र ते गेले त्या दिवशी थांबवा. आणि देणे माझ्या नावावर लिहून घ्या."

"तुमी कावून अंगावर घेता? तुमची सही नाही, काही नाही. तुमच्यावर येतच नाही ते."

"मी शब्द दिलाय."

"कोणाले?"

"कबरस्तानात. सगळ्यांसमोर."

त्याने दाखला पुन्हा वाचल्यासारखे केले. "आठ वर्सं वसुली करून राहिलो सर. उलटा भाव करनारं गिऱ्हाईक पहिलंच."

मग तीन आठवडे मी त्या जिन्याच्या फेऱ्या मारल्या. व्याज थांबवायला वरचे लोक तयार नव्हते; वसुलीवाल्यानेच ते तिसऱ्या अर्जाला कबूल करून घेतले. छत्तीस हप्ते ठरले. 'हे देणे मी माझे म्हणून स्वीकारतो' अशा कागदावर मी सही केली. रविवारी अकोल्याला जाऊन बांगड्या परत दिल्या. अम्मीने विचारले, "मग ते सुटले ना?" मी हो म्हणालो. मला नक्की माहीत नाही.

सात हप्ते गेले आहेत. मला रक्तदाब आहे. भावाला सांगून ठेवले आहे : माझ्या वेळी रांगांपुढे नुसते विचारू नकोस, उरलेला आकडा आधी स्वतःच सांग. "काहीही काय बोलता, भाई," तो म्हणाला. पण हप्ता भरला की मी त्याला नवा आकडा कळवतो, आणि तो लिहून घेतो.