उपासाचा गुरुवार आणि लुम्सडेनचे पदक

एबेनेझर लुम्सडेन हा आमच्या गावचा शिडे शिवणारा कारागीर, आणि चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. गोल्फ तो हौसेने खेळे. हौशी खेळाडूंच्या परगणा-पदकाच्या अंतिम सामन्यात तो तीनदा पोचला आणि तीनदा हरला. १८८७ साली, शेहेचाळिसाव्या वर्षी, तो चौथ्यांदा पोचला. गुडघा धरू लागला होता. पाचवी वेळ येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

सामना खाडीपलीकडे, गुरुवारी ठरला. त्या दिवशी आमच्याकडे चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीआधीचा उपास, म्हणजे व्यवहारात सुट्टी. गावाला येता यावे म्हणून पलीकडच्यांनी आपुलकीने तोच दिवस निवडला होता. आमच्या वडीलमंडळानेही उपासना बुधवारी संध्याकाळीच उरकायचे ठरवले. विरोधात एकच मत पडले. ते लुम्सडेनचे.

गुरुवारी सकाळी मी त्याला न्यायला गेलो. दार त्याच्या बहिणीने, युफेमियाने उघडले.

"या मास्तर. बघा तुमच्यानं हलतोय का."

काळा कोट घालून तो खुर्चीत ताठ बसला होता.

"एबन, नऊची गाडी आहे."

"आज उपास आहे, मास्तर."

"उपासना काल झाली. तू पहिल्याच बाकावर होतास."

"वडीलमंडळानं उपासनेची वेळ बदलली, दिवस नाही. इतिवृत्त मीच लिहिलंय."

"अरे, पाळकसुद्धा स्टेशनवर गेलेत!"

"ते त्यांचं त्यांनी बघावं."

"मग सामन्याची तारीख ठरली तेव्हाच पलीकडच्यांना का नाही सांगितलंस?"

"माझ्या एकट्यासाठी एवढ्या लोकांची सोय मोडायची?"

"आता छान सोय होणार त्यांची," युफेमिया म्हणाली. "अख्खं गाव वाऱ्यात उभं राहून तुझी वाट बघेल. तू इथं पुण्य कमव."

सदसद्विवेकापुढे मी आजवर मान तुकवत आलो आहे. परंतु जो विवेक वेळेवर तोंड उघडण्याचा संकोच करतो आणि मग त्या संकोचालाच विनय मानतो, त्याचे काय करावे, हे मला विद्यापीठात कोणी शिकवले नाही. मी त्याच्याविनाच गाडीत बसलो.

पलीकडे गावकऱ्यांनी तासभर वाट पाहिली. मग त्याचा प्रतिस्पर्धी, हॅल्क्रो नावाचा वकील, एकही फटका न मारता विजयी ठरला. त्याने पदक घेतले ते ओशाळल्यासारखे. आमचे लोक मात्र लुम्सडेनबद्दल जे बोलले, ते उपासाच्या दिवशी बोलण्याजोगे नव्हते.

दुपारी परतल्यावर मी थेट त्याच्याकडे गेलो. चार खरमरीत वाक्ये वाटेत जुळवून ठेवली होती. तो त्याच खुर्चीत होता.

"मास्तर," मी तोंड उघडण्याआधीच त्याने विचारले, "शेवटचा होल कुठं पाडला होता?"

सांगू नये, असे फार वाटले.

"डावीकडे. वाळूच्या खड्ड्यामागे, उतारावर."

"आणि वारा?"

"पाठीवर."

मांडीवरचे त्याचे उजवे मनगट किंचित वळले आणि पुन्हा सरळ झाले.

"चेंडू आत बसला असता," तो म्हणाला.

माझी चारही वाक्ये तशीच राहिली. त्या न बोलण्याचाही मला राग आहे.