गाडीला बांधलेला बिबा

आमच्या गाडीइतकं पेट्रोल पिणारं यंत्र अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरं नसेल. दुसऱ्यांच्या गाड्या कुठं जायचं असलं की पेट्रोल प्यायच्या, आमची पेट्रोल प्यायला म्हणून बाहेर निघायची. मी हे गावभर सांगत फिरायचो. लोक हसायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दुसरबीडला माझं कापडाचं दुकान होतं. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. गावात येणारी मोटार म्हणजे एसटी, नाहीतर एखाद्या साहेबाची जीप. त्यात मी जुनी का होईना, पण कार आणून दारात उभी केली, तेव्हा कापडवाल्याला पैसा चढला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. चढला कसला डोंबल! गाडी मी मिरवायला घेतलीच नव्हती.

आमचं पहिलं लेकरू जालन्याच्या रस्त्यावर, बैलगाडीत गेलं. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा एसटी निघून गेली होती. पुढच्या गाडीची वाट पाहण्यात अर्थ नाही म्हणून बैल जुंपले. बैल बिचारे धावून धावून धावणार किती? दवाखान्यात पोचलो तेव्हा बायको तेवढी वाचली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे दिवस राहिले तर कळा सुरू झाल्याबरोबर इथं आणायचं, घरी क्षणभरही थांबायचं नाही. पुन्हा दिवस राहिले तेव्हा बायकोची तर झोपच उडाली. बीबी गावच्या एका ठेकेदाराची गाडी विकायची आहे असं कानावर आलं आणि मी मागचापुढचा विचार न करता ती उचलली. तिनं एकच काम करायचं होतं. बायकोला दुसरबीडहून जालन्याला पोचवायचं, मधे कुठं बंद न पडता.

थोड्याच दिवसांत दसरा आला. मी गाडी सकाळी चालू करून अंगणात उभी केली, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. बायकोनं काळ्या दोऱ्यात एक बिबा ओवून आणला. आमच्याकडे नजर लागू नये म्हणून बिबा दाराला बांधतात, पाळण्याला बांधतात, दुभत्या म्हशीलाही बांधतात. तिनं तो गाडीत समोर, स्टेअरिंगच्या बाजूला एक काळं बटन पुढं आलेलं होतं, त्याच्या मागच्या दांडीला गच्च बांधला आणि डोळे मिटून हात जोडले. मी तेव्हा बाहेर चाकांना हळदकुंकू लावत होतो.

त्यानंतर गाडीची तहान सुरू झाली.

आधी वाटलं, आपल्याला नवं नवं चालवता येत नाही. मग लक्षात आलं, मागून काळा धूर निघतो आणि गाडीत बसलं की पेट्रोलच्या वासानं डोकं उठतं. सगळ्यात संतापाची गोष्ट ही, की दर महिन्याला दुखणं वाढत होतं. दिवाळीत टाकी जेवढी चालली तेवढी संक्रांतीला चालेना, आणि होळीपर्यंत तर जालन्याला जाऊन परत येण्याचीसुद्धा खात्री राहिली नाही. आमच्या गावात पंप नव्हता. टाकी रस्त्यात संपली तर बाईमाणसाला घेऊन मी तिथं काय करणार होतो?

देऊळगावराजाचा एक मिस्त्री होता. मोठा नावाजलेला, ट्रकवाले त्याला मियाँभाई म्हणायचे. त्यानं प्लग काढले तर काळेकुट्ट. ते घासून पुसून बसवले, थोड्याच दिवसांत पुन्हा काळेकुट्ट. मग कार्बोरेटर खोलला, फुंकला, धुतला. मग म्हणाला, पेट्रोलमधे रॉकेल आहे. मी पंप बदलला. मग म्हणाला, चाकांचे ब्रेक चिकटतात. तेही केलं. गाडी पीतच राहिली. दर खेपेला तो इतक्या ठामपणे नवं कारण सांगायचा की मला आधीचं विचारायची सोयच उरायची नाही. एकदा बटनाकडे त्याचा हात गेला होता, पण बिबा दिसला तसा त्यानं तो मागे घेतला. म्हणाला, "इसको हम हात नाई लगाते सेठ. घरच्या बाईनं बांधेल असते." मलाही त्याचं ते वागणं बरं वाटलं. आपल्या घरचा मान राखतो माणूस, असं मी मनात म्हटलं.

गावातले उपदेशक वेगळेच. कुणी म्हणे टाकीला भोक आहे, कुणी म्हणे रात्री कुणीतरी नळी घालून ओढतंय. मी झाकणाला कुलूप लावलं. शेजाऱ्याच्या पोराकडे पेट्रोलवरचा नवीन लायटर दिसला म्हणून त्याच्या बापाशी कचाकचा भांडलो. तो बाप पुढं कितीतरी दिवस माझ्या दुकानात आला नाही, त्याच्या घरच्या लग्नाचं कापडसुद्धा त्यानं मेहकरहून आणलं.

शेवटी माझा सगळा राग त्या ठेकेदारावर गेला. एवढी खादाड गाडी गळ्यात मारली म्हणून मी बीबीला त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि चार लोकांसमोर तोंडाला येईल ते बोललो. म्हातारा शांतपणे सुपारी कातरत होता. माझ्याजवळ होती तेव्हा ती असं करत नव्हती, एवढंच त्याचं म्हणणं. पटत नसेल तर ठेवून जा, पैसे घेऊन जा, म्हणाला. आता ठेवून कसा जाणार? बायकोचे दिवस भरत आलेले. मी पाय आपटत परत आलो. घरी अडीनडीला म्हणून पेट्रोलचा एक डबा भरून ठेवला होता, तो त्या भांडणाच्या फेरीत रिकामा झाला.

आणि दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, बायकोला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दिवसांच्या बऱ्याच आधी.

वैशाखातलं ऊन. माझी मोठी बहीण, अक्का, तेव्हा आमच्याकडेच राहायची. तिनं बायकोला पुढच्या सीटवर बसवलं, कारण मागं तिला मळमळायचं, आणि स्वतः मागं बसून तिचे खांदे धरले. टाकीत किती होतं ते मला माहीत होतं आणि ते पुरणार नाही हेही माहीत होतं. वाटेत कुणी ट्रकवाला भेटेल, एखादी जीप भेटेल, या आशेवर मी निघालो. बायको कळ आली की दात ओठांवर रोवायची आणि समोर त्या बिब्याकडे बघायची.

सिंदखेडराजा मागं पडलं आणि पुढच्या चढावर गाडीनं चार गचके दिले, भसकन काळा धूर सोडला आणि ती बंद पडली. मागंपुढं एक माणूस नाही. उतरून पुढून हँडल मारून मारून हात दुखले, गाडी काही बोलेना. तेवढ्यात आतून बायकोच्या कण्हण्याचा आवाज आला आणि मला ती बैलगाडी आठवली. तसाच रस्ता, तसंच ऊन. मी रडायच्या बेताला आलो होतो, खोटं कशाला सांगू.

बॉनेट उघडलं. कार्बोरेटर पेट्रोलनं ओला चिंब. म्हणजे टाकी संपली नव्हती, उलट इंजिनात पेट्रोलचा पूर झाला होता. हवा आत जाते तिथं एक पत्र्याची झडप असते. गार इंजिन चालू करताना चोकचं बटन ओढलं की ती झडप मिटते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापलं की बटन आत ढकलायचं, झडप उघडते. एवढं मला त्या मियाँभाईच्या हाताखाली उभं राहून कळलं होतं. आता इंजिन उन्हात आणि चालून तापलेलं, आणि झडप अर्ध्याहून जास्त मिटलेली.

मी बायकोला ओरडून सांगितलं, ते काळं बटन आत ढकल. झडप जराशी हलली आणि थांबली. मी म्हटलं, पुरतं ढकल. ती म्हणाली, "जातच नाई पुढं."

जाऊन बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज मी ते बटन ढकलत होतो. थोडं आत जायचं, अडायचं, मी समजायचो तेवढंच जातं. बटन आणि समोरची फळी यांच्यामधल्या दांडीवर काळ्या दोऱ्याचं बोटभर जाड वेटोळं बसलं होतं, त्यात बिबा दडपलेला. दसऱ्याला एवढा दोरा नव्हता. मी विचारलं तेव्हा अक्कानं सांगितलं, ही दर अमावस्येला उपास धरून दोऱ्याचा एक नवा वेढा घालते, लेकरासाठी.

दर महिन्याला वाढणारं दुखणं ते हे. मी ठेकेदाराला शिव्या दिल्या, शेजाऱ्याशी वैर घेतलं, पंप बदलले, आणि चोर माझ्या नाकासमोर बसला होता. मी खिशातला चाकू काढला.

बायकोनं दोन्ही हातांनी ते बटन झाकलं. तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे.

"याले चाकू लावसान तर मी इथंच उतरते," ती म्हणाली. "माहं लेकरू येईपर्यंत गाठ सुटली नाई पाह्यजे."

"अवं, याच्यानंच गाडी बंद पडली! हा राह्यला तर लेकरू येईन कसं?"

"हा नव्हता, तवा काय झालं?"

बैलगाडीला बिबा बांधलेला नव्हता, हे खरंच होतं. चाकू तसाच हातात धरून मी एकदा तिच्याकडे, एकदा उघड्या बॉनेटकडे बघत होतो. तिला पुन्हा कळ आली, तरी तिनं हात काढले नाहीत.

मागून अक्का हळूच म्हणाली, "गाठ नाई सुटली पाह्यजे ना तिची? मंग तू बटन सोड नं बापा."

बटनाच्या खाली एक बारीक स्क्रू होता. पेचकसानं तो काढला, बटन निघून हातात आलं, आणि ते वेटोळं जसंच्या तसं, एकही वेढा न सुटता, दांडीवरून सरकून बायकोच्या तळहातावर आलं. तिनं मूठ मिटली. मी नुसती दांडी अंगठ्यानं आत दाबली. ती सरसर गेली, थेट फळीला टेकली. झडप उघडी झाली. बॉनेट तसंच उघडं ठेवून थोडा वेळ ओलावा वाळू दिला आणि हँडल मारलं. गाडी चालू झाली. मागं वळून पाहिलं तर धुराचा पत्ता नाही. त्या चढावर ती अशी चढली, की इतके महिने पाहिलेली गाडी ती हीच का, असं वाटलं.

टाकीतलं पेट्रोल पुरलं. दवाखान्याच्या फाटकात शिरलो तरी शिल्लक होतं.

ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसलो होतो तो तसाच बसून राहिलो, उठून कुणाला सांगायचंही सुचलं नाही. नंतर आत गेलो तेव्हा बायकोच्या उजव्या हाताला पट्टी होती. नर्स माझ्यावरच चिडली. म्हणाली, बाळंत होईपर्यंत तुमच्या बाईनं मूठ उघडली नाही, बिबा फुटून हातातच उतला, कातडी जळाली, काय चाललंय काय हे? बिब्याचं तेल किती जाळतं ते आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. तिलाही माहीत होतं. तरी तिनं मूठ उघडली नव्हती.

"गाठ नाई सुटली," ती मला म्हणाली, आणि हसली.

इतके महिने मनात साठवलेल्या शिव्या मी कुणाला द्यायच्या?

पुढचा दसरा आला. गाडी अंगणात, मुलगी अक्काच्या कडेवर. बायको नवा बिबा ओवून आणून गाडीपाशी आली. दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. तिच्या तळहातावरचा काळा डाग तेव्हा ताजा होता, आजही आहे.

"सांगा," ती म्हणाली, "कुठं बांधू?"

मागच्या दसऱ्याला तिनं विचारलं नव्हतं आणि मीही पाहिलं नव्हतं.

"आरशाले बांध," मी म्हटलं. "अन् गच्च बांध."