जाळीखाली रस्सा एकच

पांढऱ्या रश्शावर लाल तेलाचा एक थेंब तरंगत होता. शुभदाने त्याच्या शेजारूनच टोफू उचलला आणि तोंडात टाकला. मी पाहिलं. बोललो नाही.

नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरातल्या एका कंपनीत मी स्वयंपाकाची विजेवरची भांडी टेस्ट करतो. त्या दुपारी ऑफिसात हॉटपॉटचा डेमो होता. टेबलावर रस्सा उकळत ठेवायचा, ज्याने त्याने त्यात मांस, भाजी बुडवून शिजवायची आणि खायची. आमच्या भांड्यात मधोमध वळणदार भिंत. एकीकडे बीफचा लाल, तिखट रस्सा, दुसरीकडे मश्रूमचा पांढरा. शुभदा मार्केटिंगमधली, पुण्याची, पक्की शाकाहारी. बसण्याआधी तिने विचारलं होतं, "अभयदादा, नक्की ना?"

"मीच टेस्ट केलंय गं. खा निवांत."

केली होती, पण मंद आचेवर, साध्या पाण्याने. तेलकट रस्सा फेसाळतो, उडतो. पूर्ण उकळीची टेस्ट मी राहू दिली, कारण बॉसला घाई होती. बॉसचं नाव बास. पण त्याला काहीच कधी बास होत नाही.

खरं तर डिझायनर मेइने आधीच सावध केलं होतं. ती चीनमधल्या चोंगचिंगची. हॉटपॉटचा सगळा प्रवास तिने मला सांगितला होता. उत्तरेच्या थंडीत मेंढीचं मांस आणि मध्ये कोळशाचं धुराडं असलेलं तांब्याचं भांडं. सैनिक म्हणे शिरस्त्राणातच शिजवायचे. "ते शिरस्त्राण कुणी पाहिलेलं नाही," मेइ हसली. मग तिच्या गावी, नदीच्या धक्क्यावर, हमालांसाठी आतड्यांचे स्वस्त तुकडे, मिरची आणि जीभ बधिर करणारं, आपल्या तिरफळाच्या जातीचं मिरं. भांड्यात नऊ खणांची जाळी. एकेक खण एकेका अनोळखी गिऱ्हाइकाचा. तिथून ते देशभर पसरलं आणि विद्यार्थ्यांबरोबर इथवर आलं.

"खण वेगळे, पण जाळीखाली रस्सा एकच," ती म्हणाली. "आणि ही मधली भिंत तिखट न खाणाऱ्यांसाठी आहे. बास बॉक्सवर 'व्हेज साइड' छापतोय, ते थांबव."

आमच्या भाषेत सांगायचं तर हे भांडं सोवळ्याचं नव्हतंच. मी "इंटरेस्टिंग" म्हणालो आणि रिपोर्टवर सही केली.

डेमोनंतरच्या आठवड्यात शुभदाला कॉफी मशीनपाशी गाठून थेंबाचं सांगितलं.

"थेंब कधी दिसला?"

"तू खायला लागलीस तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सगळे बसलेले. बास समोर. तुझं जेवण अर्ध्यात..."

"माझ्या जेवणाचं नका सांगू, दादा. तुम्ही तुमची सही वाचवलीत."

कॉफी तिथेच ठेवून ती गेली.

मी पूर्ण उकळीवर टेस्ट घेतली. थेंब पुन्हा उडाला. बास म्हणाला, "एकच तर आहे!"

"खाणाऱ्याला एक पुरतो," मी म्हणालो आणि सही मागे घेतली.

बॉक्सवर आता 'दोन चवी' एवढंच छापतात. मंद आचेवर घेतलेली टेस्ट मंद आचेपुरतीच खरी असते. शुभदा हल्ली घरून डबा आणते, आमच्याच टेबलावर बसते, हवापाण्याचं बोलते. 'नक्की ना?' असं मात्र तिने मला पुन्हा विचारलेलं नाही.