गुरुवारी सकाळी सहाच्या आत

क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर संघपाल खरात गेली सहा वर्षे इतरांच्या चुका निस्तरतो. त्याची कंपनी लोकांची संकेतस्थळे आपल्या संगणकांवर ठेवते आणि ती चालू राहतील एवढीच जबाबदारी घेते. ग्राहकाने स्वहस्ते केलेली मोडतोड त्या जबाबदारीत येत नाही. फोन मात्र बहुतेक त्या मोडतोडीसाठीच येतात. वडील वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जात. मुलाने तंत्रनिकेतनची पदविका घेतली. वय एकोणतीस, आवाज हळू, वाक्ये लहान. त्याचा परिचय मला आमच्या मंडळाच्या नालायकपणामुळे झाला.

हे मंडळ म्हणजे समर्थनगरातील आमच्या ज्ञातीचे वधूवर सूचक मंडळ. चिटणीस श्रीरंगराव धारूरकर बँकेतून निवृत्त झालेले असून संगणकाचे ज्ञान आपल्याला उपजतच आहे, असा त्यांचा समज आहे. त्यांनी गतवर्षी चारशे सोळा उमेदवारांचे अर्ज संकेतस्थळावर चढवले आणि मूळ कागद रद्दीत घातले. कागद जपावेत असे मी, मंडळाचा एक जुना सभासद, लेखी कळवले होते. उत्तर आले नाही.

संकेतस्थळाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा, अशा सूचना फेब्रुवारीपासून येत होत्या. श्रीरंगरावांनी त्या साठवून ठेवल्या. यंत्राला हात लावायचा तो दसऱ्याच्या विजय मुहूर्तावर, असा त्यांचा संकल्प. त्या दिवशी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला आणि आठ महिन्यांची सारी अद्यतने, कसलीही प्रत काढून न ठेवता, एका दमात सुरू केली. पडदा पांढरा झाला तो तसाच राहिला. श्रीरंगरावांनी लॅपटॉप मिटला आणि ते सोने वाटायला बाहेर पडले.

पुढचे सहा दिवस विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगण्यात आले. असत्यालाही किमान कल्पकता लागते. येथे तीही नव्हती. बुधवारी दुपारी मी रविवारच्या मेळाव्यासाठी उमेदवारांची छापील यादी मागितली, तेव्हा सत्य बाहेर आले. चारशे सोळा कुटुंबांनी दिलेल्या माहितीचा एकही कागद मंडळाजवळ उरला नव्हता. मी तिथल्या तिथे श्रीरंगरावांना कंपनीला फोन लावायला लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवायला सांगितला.

पलीकडे संघपाल होता. त्याने कोणालाही दोष दिला नाही. केव्हा, काय दाबले आणि पडद्यावर काय आले एवढेच विचारले. श्रीरंगरावांनी मुहूर्ताचा उल्लेख गाळला. थोड्याच वेळात त्याने सांगितले की, कंपनी रोज सकाळी सहाला संकेतस्थळाची प्रत घेते आणि सातच प्रती ठेवते. दसऱ्याच्या सकाळची प्रत शाबूत आहे. उद्या सहाला ती आपोआप पुसली जाईल. ती परत बसवणे करारात नाही, पण तो बसवून देईल. त्यासाठी तुमची लेखी संमती पाठवा.

येथे कोणीही आभार मानले असते. श्रीरंगरावांनी पूर्ण नाव विचारले. त्याने सांगितले. मग ते खाकरले आणि म्हणाले, “त्याचं काय आहे, आमच्या मुलींचे फोटो आहेत त्यात, पत्ते आहेत. तुमच्याकडं आमच्यातलं कुणी असेल तर त्याला द्या ना हे काम.”

मी खाली पाहिले.

“आहेत ना काका, जोशी सर आहेत,” संघपाल म्हणाला. “ते उद्या दहाला येतील. प्रत सहाला जाईल. तुम्ही ठरवा.”

श्रीरंगरावांनी माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे बोट दाखवले.

“बरं, करा मग,” ते म्हणाले.

“करतो. आणि अर्ज उघडायची मला गरज नाय. मोजून तुम्हीच घ्या.”

संमतीचा ईमेल गेला आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत संकेतस्थळ पुन्हा उभे राहिले. आम्ही मोजले, चारशे सोळा. मागोमाग त्याचा ईमेल आला: काय बिघडले, काय केले, पुढे अद्यतनापूर्वी प्रत कशी काढावी, सारे क्रमवार, एकाही फाजील शब्दाविना. आमच्या मंडळाच्या इतिवृत्तांत असा मजकूर मी बावीस वर्षांत वाचलेला नाही. कंपनीने सेवेबद्दल अभिप्राय मागितला होता. श्रीरंगरावांनी पाचांपैकी तीन तारे दिले. “पूर्ण दिले की डोक्यावर बसतात,” ते म्हणाले. कापलेले दोन तारे अगदी रास्त होते. फक्त ते श्रीरंगरावांऐवजी भलत्या माणसाच्या नावापुढून गेले.

रविवारी मेळावा यथासांग झाला. अध्यक्षा प्रमोदिनीताईंनी ‘तांत्रिक संकटावर मात केल्याबद्दल’ चिटणीसांना शाल दिली. आभाराच्या ठरावात खरात यांचे नाव घालावे, असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, कंपनीचे कर्मचारी म्हणू, नावाची काय गरज. उपस्थितांना हे तर्कशुद्ध वाटले. माझा विरोध नोंदवावा, अशी मी मागणी केली. तीही नोंदवली गेली नाही.

सोमवारी स्वतःच्या नावाने आभारपत्र लिहून मी तो तिसरा मजला चढलो. संघपालने कानावरचा हेडफोन काढला, उभा राहिला, पत्र सावकाश वाचले.

“सर, मोजणी बरोबर आली ना?” त्याने आधी तेच विचारले. मी होकार दिला. मग तो संकोचून म्हणाला, “हेच ईमेलवर टाकता का? इथं कागदाची नोंद होत नाय. आणि त्या तीन ताऱ्यांचा जाब विचारलाय मला.”

मी तिथेच बसलो, चष्मा लावला आणि त्याच्या साहेबांचा ईमेल पत्ता अक्षर-अक्षर विचारून घेतला.