किती वेळा टेकलीस?

खोलीत खुर्च्या नऊ, त्यांतली एक मोडकी. टेबलं दोन. भिंतीवर घड्याळंही दोन, एक आपल्या वेळेचं आणि दुसरं त्याच्या साडेपाच तास मागे, जगभरच्या वैमानिकांच्या वेळेचं. कूलर एक, त्यात पाणी अर्ध्याच्या खाली. खिडकीच्या जाळीत माश्या चार, पैकी जिवंत एक. आणि माणूस एकच: निहारिका टेंभुर्णे, वय तेवीस, भौतिकशास्त्राची पदवीधर, उड्डाणाचे एकशे अठ्ठ्याण्णव तास पूर्ण. परवान्याला दोनशे लागतात.

झोप येत नसली की ती मोजते. आज मोजूनही येत नाहीये.

मे महिना आहे. हिवरटोल्याच्या या प्रशिक्षण केंद्रात सकाळी अकरानंतर विमानं उडत नाहीत. हवा तापून इतकी विरळ होते की विमानाला पळायला पट्टी पुरत नाही. साडेचारला पुन्हा सुरुवात. तोवर सगळी मुलं होस्टेलवर पडलेली असतात. निहारिका मात्र तिकडे गेलेली नाही, कारण तिथल्या खोलीत हर्षाली आहे. हर्षाली तिची खोलीतली जोडीदार. आज साडेचारला तिचं पहिलं एकटीचं उड्डाण, आणि ती सकाळपासून एकाच शर्टाला तिसऱ्यांदा इस्त्री करते आहे. ती जाणार आहे केपीमधून. केपी म्हणजे केंद्राचं चालू असलेलं एकमेव विमान. दुसरं महिनाभरापासून दुरुस्तीला गेलंय.

सकाळी केपी उतरवलं ते निहारिकानं.

उतरताना चाक टेकलं आणि विमान उडालं, चेंडू उडतो तसं. अशा वेळी काय करायचं ते पहिल्या महिन्यातच घोटून घेतलेलं असतं: इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर निघून जायचं, चक्कर मारून पुन्हा यायचं. निहारिकानं तसं केलं नाही. तिनं नाक खाली दाबलं. मग पुढचं चाक आधी आपटलं, विमान पुन्हा उडालं, पुन्हा आपटलं आणि एकदाचं थांबलं. मनोऱ्यावरून आवाज आला, "सगळं ठीक?" ती म्हणाली, "ठीक." विमानाभोवती एक फेरी मारली. काही दिसलं नाही. नोंदवहीत "दोष" या रकान्यात तिनं लिहिलं: निरंक.

खरं लिहिलं असतं, तर तपासणी होईपर्यंत केपी जागचं हललं नसतं. गुरुवारी परीक्षक येणार आहेत. ते हुकले की पुढची खेप दीड महिन्यानं. शिवाय काही झालेलंच नाही, असं ती स्वतःला चौथ्यांदा सांगते. काटा हलला नाही याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही, हे प्रयोगशाळेत तिनंच खालच्या वर्गाला शिकवलं होतं, तेही तिला चौथ्यांदा आठवतं. ती दोन खुर्च्या जोडते, पाय वर घेते आणि डोळे मिटते.

कूलरची घरघर हळूहळू एका लयीत येते. तेवीसशे फेरे, तिला वाटतं. मिनिटाला तेवीसशे. छान चाललंय इंजिन.

"चोवीसशे," कोणीतरी म्हणतं. "कान साफ कर, टेंभुर्णे."

मोडक्या खुर्चीत झाडे सर बसले आहेत. खुर्ची डुगडुगत नाही. तोच निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तेच चष्म्याला बांधलेलं काळं नाडं. कॅप्टन मुरलीधर झाडे, ज्यांनी निहारिकाला विमान जमिनीवरून उचलायला आणि पुन्हा जमिनीवर ठेवायला शिकवलं. मार्चमध्ये घरी चहा पिता पिता गेले.

"सर, तुम्ही?"

"मी नाही तर कोण? सरक, डावीकडे बस. उजवी जागा माझी."

ती सरकते. आता दोघं केपीच्या पुढच्या दोन आसनांवर आहेत. समोरच्या काचेतून खोलीतला कूलर दिसतो, त्याच्या मागे धावपट्टी, आणि पट्टीवर दुपारचं ऊन पातळ दुधासारखं सांडलेलं.

"पण सर, तुम्ही तर..."

"मेलो ना. माहीत आहे मला. तू आली होतीस की. दुपट्टा पांढरा, अन् त्याच्यावर चहाचा डाग. मी म्हटलं, घ्या, ही पोरगी आपल्या मयतीला पण चेकलिस्ट न वाचता आली."

निहारिकाला हसू फुटतं. या दोन महिन्यांत सरांच्या आठवणीनं तिला एकदाही हसू आलं नव्हतं. "बस चुकत होती सर. बदलायला वेळच नव्हता."

"घाई. तुझं सगळं घाईतच बिघडते." ते पट्टा बांधतात. स्वतःचा बांधून झाल्यावर तिचाही ओढून पाहतात, नेहमी पाहायचे तसा. "जेवली का?"

"हो."

"काय?"

"पोहे."

"पोहे म्हणजे जेवण नाही बे. चल, इंजिन चालू कर."

ती किल्लीला हात लावते तर तिथे नळ आहे. काचेचा, वाकडा नळ, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला. ते वर्ध्याच्या तिच्या प्रयोगशाळेत उभे आहेत. लाकडी बाकांच्या दोन रांगांमधून धावपट्टी सरळ फळ्यापर्यंत गेली आहे, मधोमध पांढऱ्या रेघांसकट. सर प्रत्येक बाकावरचं उपकरण कुतूहलानं उचलून पाहतात आणि जिथलं तिथे ठेवतात.

"हे काय आहे?"

"सूक्ष्ममापी, सर. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजते."

"आपल्याला इतकं नाही लागत. आपल्याला एकच मोजायचं असते." ते खिशातून पेन्सिल काढतात. "किती?"

निहारिका फळ्याकडे पाहू लागते.

हिवरटोल्याला हा प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा होता. कोणीही उतरलं की झाडे सर विमानाजवळ येत, वही उघडत आणि विचारत, "किती?" म्हणजे चाक किती वेळा टेकलं. तुम्ही आकडा सांगायचा, मग ते पेन्सिल न उचलता एका रेघेत तुमचं उतरणं काढायचे. एक उतरण आणि तिच्या तळाशी आकड्याइतक्या टेकण्या. खाली तुमची सही. चार सांगणाऱ्याला ओरडा नाही, एक सांगणाऱ्याला शाबासकी नाही. ते गेल्यापासून कोणी विचारलेलं नव्हतं.

"एक," निहारिका म्हणते.

सर वहीवर पेन्सिल टेकवतात. पेन्सिल चालत नाही. ते टोक पाहतात, जिभेला लावतात, पुन्हा टेकवतात. कागद कोरा.

"नाही चालून राहिली," ते म्हणतात. आवाजात राग नाही, एखादा पेट्रोल पंप बंद आहे असं सांगावं तसा. "चल, चहा घेऊ."

फळ्याच्या मागे त्यांचं स्वयंपाकघर आहे. निहारिका या घरात आत कधी आलेली नाही, मयतीला अंगणातच उभी होती. तरी साखरेचा डबा कुठला ते तिला ठाऊक आहे. ती तो काढून देते. ओट्याच्या कडेला पट्टीवरचे दिवे ओळीनं लागले आहेत, हिरव्यापासून लाल शेवटापर्यंत. सर चहात आलं ठेचून टाकतात. चहा उकळतो तसा भिंतीवरचा उंचीचा काटा हळूहळू वर चढतो.

"सर, तिकडे कसं आहे?"

"कुठे?"

"म्हणजे... तिकडे."

"अगं, तिकडचं तू मला काय विचारते? मी तर तुझ्या डोक्यात बसून चहा करून राहिलो. तुला माहीत आहे तेवढंच मला माहीत." ते गाळणं शोधतात. "त्यातही साखर तू जास्त टाकली."

"मग मी काय लपवलंय तेही तुम्हांला माहीत असणार."

"असणारच. पण मी नाही सांगायचो. आकडा ज्याचा त्यानंच सांगायचा असतो."

दोघं जमिनीवर मांडी घालून बसतात. बशीत ओतलेला चहा थरथरतो, खालून विमान जात असल्यासारखा. मग सरांना जे आजवर कोणी विचारलं नव्हतं ते निहारिका विचारते.

"सर, तुमचे किती?"

झाडे सर चष्मा वर सारतात. त्यांना फार बरं वाटल्यासारखं दिसतं.

"घ्या! इतक्या वर्षांत एकाही पोट्ट्यानं विचारलं नाही. मीच आपला विचारत सुटलो." ते फुर्रकन एक घोट घेतात. "एकदा तीन होते. मी एक सांगितला. वय तुझ्याएवढंच. संध्याकाळी मैत्रीण होती भेटायची, विमान अडकलं असतं तर मीही अडकलो असतो. दुसऱ्या दिवशी तेच विमान माझ्या बरोबरीच्या प्रभाकरनं नेलं. हळू उतरवलं त्यानं, एकदम लोण्यासारखं. अन् पुढचं चाक मोडून दुमडलं."

"मग?"

"वाचला. पण उजवा हात त्याचा अजून खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना बायको मदत करते. मला दिवाळीला फोन करायचा दरवर्षी, इतका चांगला माणूस. आणि मी दरवर्षी फोन उचलायच्या आधी पाणी प्यायचो."

"त्यांना सांगितलंत का?"

"सांगितलं. एकोणीस वर्षांनी. तो म्हणाला, मला माहीत होतं रे, तुझी वाट पाहत होतो." सर बशी खाली ठेवतात. "तू एकोणीस वर्षं नको घालवू. तुझ्याकडे..." ते ओट्यावरच्या घड्याळाकडे पाहतात. ते साडेपाच तास मागे आहे. "हे चुकीचं दाखवते. पण जास्त वेळ नाही."

"परीक्षा जाईल सर. दीड महिना जाईल."

"जाईल ना. कोण नाही म्हणते?"

"आणि कदाचित काहीच झालेलं नसेल. उगाच सगळ्यांना त्रास."

"नसेलही. तपासतील, काही नाही निघालं तर मी सगळ्यात जास्त खूष होईन." ते पुढे झुकतात. त्यांच्या अंगाला तोच ओळखीचा वास आहे, विमानाचं पेट्रोल आणि चमेलीचं तेल. "टेंभुर्णे, तू नाक का दाबलं माहीत आहे का तुला?"

"घाबरले."

"बस. घाबरली. त्यात काय लपवायचं? मी शिकवलं तुला, तुझ्या हाताला मी ओळखतो. चांगला हात आहे. घाबरलेला चांगला हात." ते वही तिच्यासमोर सरकवतात आणि पेन्सिल तिच्याच बोटांत देतात. "किती?"

स्वयंपाकघराच्या दारातून धावपट्टी दिसते. पट्टीवरून हर्षाली चालत केपीकडे निघाली आहे. तिच्या शर्टाला एकही चुणी नाही.

"तीन," निहारिका म्हणते. "दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी पुढचं चाक आधी."

पेन्सिल चालू लागते.

"सही कर," सर म्हणतात. आणि मग, जरा थांबून, "साखर बरोबर होती. उगाच बोललो."

तिची मान खांद्यावरून घसरते आणि ती जागी होते.

कूलर बंद पडलाय. वीज गेलेली आहे. आपल्या वेळेच्या घड्याळात चार वाजून चार मिनिटं झाली आहेत. तिच्या उजव्या हाताच्या करंगळीची कड शिशानं काळी झाली आहे. उड्डाणातल्या टिपणांसाठी मांडीला बांधलेल्या पाटीवरचा कागद तिनं सकाळपासून कोराच ठेवला होता. त्यावर एक रेघ आहे, पेन्सिल न उचलता काढलेली. लांब उतरण, मग तीन टेकण्या, मधल्या दोन उड्यांत दुसरी पहिलीपेक्षा उंच. खाली सही. अक्षर तिचं, जरा तिरकं.

ती कागद ओढून काढते आणि पळते.

विमानांच्या शेडमध्ये ठवकर दादा तेलाच्या डब्यावर बसून टरबूज खातायत. केंद्रात अभियंता एकच, तेच. त्यांनी नाही म्हटलं की विमान हलत नाही.

"दादा, केपी थांबवा."

"कायले? आत्ताच इंधन भरलं."

"सकाळी मी आपटवलं. तीनदा. दोनदा नाकावर. वहीत निरंक लिहिलं, ते खोटं आहे."

ठवकर दादा फोड तशीच हातात धरून तिच्याकडे पाहतात. मग कागदाकडे. झाडे सरांची रेघ त्यांनीही वर्षानुवर्षं पाहिलेली आहे. ते फोड खाली ठेवतात आणि हात पँटला पुसत उठतात.

"हर्षाली!" ते पट्टीकडे तोंड करून ओरडतात. "उतर खाली! हो, तूच! शर्ट उद्या घाल!"

हर्षाली येते, काय झालं ते ऐकते आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सरकवते. मग म्हणते, "मी दुपारभर खोलीत तुझी वाट पाहत होते. इस्त्री करून करून वैतागले. सांगायचं तरी." तिचे डोळे भरलेले आहेत, रागानं की कशानं ते निहारिकाला कळत नाही. "आता बॅटरी तरी धर. दादांना दिसत नाहीये."

निहारिका बॅटरी धरते. ठवकर दादा इंजिनाखालचं झाकण काढतात. वरवर पाहता काही नाही. ते पुढच्या चाकाच्या आधाराच्या नळ्या पुसून स्वच्छ करतात, त्यांवर बारीक फटीत मुरणारा लाल द्रव फवारतात, पंधरा मिनिटं थांबतात, पुसून काढतात आणि वर पांढऱ्या भुकटीचा फवारा मारतात. तिघं पांढऱ्याकडे पाहत राहतात.

डाव्या नळीवर लाल रेघ उमटते.

दादा खिशातली मोजपट्टी त्या रेघेला लावतात. दोनदा मोजतात. मग नोंदवही निहारिकाच्या हातात देतात. ती सकाळच्या शब्दावर एक आडवी रेघ मारते, बाजूला सही करते आणि ते सांगतात तसं खाली लिहिते:

पुढच्या चाकाचा आधार, डावी नळी, खालच्या जोडाशी तडा. लांबी अकरा मिलिमीटर.