गंगाधर सरांची जळजळ

गंगाधर सरांनी माझं नाव विचारण्याआधी मला गोळी दिली. देगलूरच्या शाळेत शिक्षक म्हणून तो माझा पहिला दिवस. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडला, ठेचा जरा जास्त लागला आणि मला ठसका आला. समोर बसलेल्या उंच, सावळ्या माणसाने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली आणि म्हणाला, "टाक तोंडात. पोटाचं ऐकत बसायचं नसतंय, त्याला गप करायचं असतंय. नाव काय म्हणलास?"

मी अजून काहीच म्हणालो नव्हतो.

ॲसिडिटीची ती गोळी सर स्वतः रोज सकाळी उपाशीपोटी घेत. कैक वर्षं. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या सहलीत इतरांनाही वाटत. ते विज्ञान शिकवायचे, पण उत्तरं त्यांच्याकडे सगळ्याच विषयांची असत. "मला विचार की," हे त्यांचं पालुपद. बोअरची मोटार का जळाली, कुणाची बदली कुठे होणार, पलीकडच्या तेलंगणात तुरीला काय भाव लागेल, काहीही विचारा. उत्तर चुकलं तरी आवाज खाली यायचा नाही.

मग त्यांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. जिना चढून वर्गात गेले की खुर्ची शोधायचे. सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फारच लावून धरलं तेव्हा नांदेडला तपासायला गेले. सोबत मी होतो. रक्तात बी-ट्वेल्व्ह फार कमी निघालं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी चालू औषधं विचारली आणि त्या गोळीपाशी थांबल्या.

"ही कशासाठी सुरू केली होती, सर?"

सर माझ्याकडे बघायला लागले, जसं काही ते मला ठाऊक असणार होतं.

घरी काकूंना विचारलं. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चिकुनगुनिया झाला तवा गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या न्हाई का? त्या पोटाला झोंबतात म्हणून ही दिली होती. गुडघा बरा झाला, त्या गोळ्या सुटल्या. हीच तेवढी ऱ्हायली."

सरांनी खिशातली पट्टी काढून उलटसुलट बघितली.

पुढच्या खेपेला मॅडमनी दुर्बिणीतून पोट तपासलं. जखम नव्हती, काही नव्हतं. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू झाली. "इतकी वर्षं ही गोळी घेतली की कधी कधी असं होतं. तुम्हाला तिची आता गरज दिसत नाही. पण हळूहळू कमी करू," असं त्या म्हणाल्या होत्या. सरांनी त्यातलं 'गरज नाही' एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली.

आठवडा उलटायच्या आत छातीत निखारा ठेवल्यासारखं जळायला लागलं. आधी कधी नव्हतं इतकं. लातूरचे जावई म्हणाले, आमच्या डॉक्टरांच्या मते जन्मभर घेतली तरी काही बिघडत नाही. औषध दुकानदाराने दुसरीच पट्टी पुढे केली. शेजाऱ्यांनी थंड दूध सांगितलं. ते पिऊन घटकाभर बरं वाटलं, मग जास्तच जळलं. सर माझ्या घरी येऊन बसले.

"सुधाकर, तू सांग. जळजळ होती म्हणून गोळी होती, का गोळी होती म्हणून जळजळ हाय?"

"मी मराठी शिकवतो, सर."

"मी विज्ञान शिकवून राहिलो. तरी कळंना झालंय."

त्याच दिवसांत सातवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर जठर काढलं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, पोटातलं आम्ल चांगलं असतं का वाईट?" मी शेजारच्या वर्गात होतो. खडू खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग सरांचा आवाज आला, "मला बी नीट ठाव न्हाई. विचारून सांगतो."

आम्ही पुन्हा नांदेडची एसटी धरली. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्ल दाबून ठेवलं होतं. एकदम सोडलं की ते उसळतं. थोडे दिवस असं होणारच. आधी गोळी कमी ताकदीची करू, मग एक दिवस आड, मग बंद. फारच जळलं तर तेवढ्यापुरतं पातळ औषध घ्या. रात्री लवकर जेवा. पण छातीत दाब वाटला, घाम सुटला किंवा शौचाला काळं झालं, तर वाट बघू नका."

"म्हंजे जळलं तरी बरं होऊन राहिलं म्हणायचं?"

"काही दिवस तरी तसंच, सर."

परतीच्या एसटीत नायगाव गेलं तरी ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पण कोणती जळजळ कोणती, हे मला आतनं कसं कळायचं?" कंडक्टर तिकीट विचारायला आला, ते बरं झालं.

गोळी कमी होत गेली तसे काही दिवस चांगले जायचे, काही अगदी वाईट. एकदा स्टाफरूममध्ये ते पोटावर हात धरून उभे होते. चेहरा घाबरलेला.

"काहीतरी नवीनच होतंय रे. जळत न्हाई. ओढतंय. आत पोकळ पोकळ."

"सकाळी काय खाल्लं, सर?"

"काहीच न्हाई. उशीर झाला होता."

"मग भूक असेल."

"भूक?" वर्गात पहिल्यांदाच आलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी त्या शब्दाकडे बघितलं. "भूक अशी असती व्हय?" पोटात जरा काही हललं की इतकी वर्षं ते गोळीच घेत आले होते. माझ्या डब्यातली भाकरी आणि पिठलं त्यांनी उभ्याउभ्याच खाल्लं, मधूनमधून थांबून, आत काय होतंय ते बघत.

पायाच्या मुंग्या हळूहळू गेल्या. गोळीही सुटली. निवृत्तीनंतर ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. गेल्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला.

"आज जळून राहिलंय जरा."

"गोळी घेतली का?"

"न्हाई. बसलोय, आठवून राहिलोय. सकाळी जावयाशी थोडं वाजलं. त्यानं असंल का?"

"असेल, सर."

"का लोणच्यानं?"

"तेही असेल."

मग ते मोकळं हसले.

"तुला बी कळत न्हाई व्हय? बरं झालं."