गेलेल्यांचे दोन थेंब

रविवारचं जेवण झालं की खुर्चीतच माझे डोळे जड होतात. समोर मुक्ताने, माझ्या लेकीने, हौसेनं ओतलेला वाइनचा ग्लास तसाच भरलेला आहे. "आई, एक घोट तरी," ती म्हणाली होती. मी मान फिरवली. ती भांडी घासायला उठली. नळाचं पाणी ऐकू येतंय, मग ते लांब लांब जातं.

टेबलापलीकडे अण्णा बसलेत. माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण बनियन तेच, काखेत फाटलेलं.

"पाहुणे कुठायत?" ते ग्लासाकडे बघत विचारतात.

"पाहुणे नाहीत. आता घरातलीच घेतात, जेवताना. पोरीसुद्धा."

"दार उघडं ठेवून?"

"सताड."

"मग भांडणं?"

"कुठली? अर्धा वेळ तर नुसता वास घेण्यात जातो त्यांचा."

अण्णा हसतात. टेबल आता जुन्या घरातल्या मधल्या खोलीत आहे. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेलं. पाणी वाटावं म्हणून स्टीलचा पेला, जसं काही गल्लीला ठाऊकच नव्हतं. आत अण्णांचे दोस्त खदखदून हसतायत. मी फ्रॉकमध्ये, आतून कडी लावलेल्या दाराबाहेर उभी. ते हसू दोस्तांचं. आमच्या वाट्याला यायचे ते दार उघडल्यानंतरचे अण्णा.

"मला अजून त्या कडीची भीती वाटते, अण्णा. वास आला तरी मी मान फिरवते."

दार कुठेच नाही. आम्ही द्राक्षांच्या मांडवाखाली उभे आहोत आणि ग्लास माझ्या हातात आहे.

"लाज वाटायची म्हणून कडी लावायचो," अण्णा खाली बघत म्हणतात. "कडी लागली की लाज उरायची नाही. चुकलंच माझं."

हे ऐकायला मी किती थांबले होते. मला रडू येतं.

"पोरं थेंब देतात का गं?" ते हळूच विचारतात. "पहिल्या घोटाआधी, बोट बुडवून, जमिनीला? गेलेल्यांच्या नावाचे?"

"त्यांना माहीतच नाही."

"म्हणून आमचा घसा कोरडा. तू दे."

मी बोट बुडवते.

नळ बंद झालाय. मुक्ता हात पुसत उभी आहे. "आई, हे काय सांडलंस?"

खुर्चीपाशी फरशीवर दोन लाल थेंब आहेत. माझं बोट ओलं आहे.

ती फडकं आणायला वळते.

"पुसू नकोस. तुझ्या आजोबांचे आहेत," मी म्हणते. "तुझा ग्लास घेऊन ये. बस माझ्याजवळ."